मोकळं म्हणजे रिकामं न्हवं

भाऊ गेला तो मंगळवार होता. तो खुर्चीत बसला होता. टेबलावर चहा होता. फोन वाजत होता. मी फोन उचलला आणि म्हणाले, "तो नाही."

पलीकडून मलकापूरच्या पुढच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी बोलत होते. "न्हाय म्हंजे? कवा येतोय? हितं काटा अडकून बसलाय, बायका वराडाय लागल्यात."

वजनाचा काटा बंद करा, तारा काढा, परत लावा आणि चालू करा, असं मी त्यांना सांगितलं. भाऊ रोज सकाळी कुणाला ना कुणाला हे सांगत असे, त्यामुळे मला ते पाठ होतं. काटा चालू झाला. "झालं बगा अक्का," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मी जिन्यात जाऊन शेजाऱ्यांना हाक मारली.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान होता. तो मला अक्का म्हणत असे. त्याच्यामुळे फोन करणारी सगळी गावंही मला अक्काच म्हणत. मी एका हायस्कुलात मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या या वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहत होतो. मागच्या दोन खोल्या घराच्या, पुढची ऑफिसची. ऑफिसात भाऊ, कोडोलीहून रोज एसटीनं येणारी एक इंजिनिअर मुलगी, आणि दुपारनंतर फोन उचलायला मी.

त्याचा धंदा काय, हे नातेवाइकांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गावात सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीत दूध घालायला येतात. खिडकीशी दुधाचं वजन होतं, यंत्रावर दुधातली फॅट मोजली जाते, त्यावरून दर निघतो आणि पावती छापून हातात पडते. हे सगळं जोडणारा प्रोग्रॅम भावानं लिहिला होता. त्याचा कोड म्हणजे संगणकानं हिशेब कसा करायचा याची मांडणी; ती त्यानं इंटरनेटवर उघडी ठेवली होती. कुणीही वाचावी, उचलून न्यावी, बदलावी, स्वतःच्या नावानं वापरावी. विचारायचीही गरज नाही. प्रोग्रॅमचे पैसे तो घेत नसे. बसवून देणं, शिकवणं, बिघडलं की गाडी काढून जाणं आणि सकाळी फोन उचलणं याची वर्षाची वर्गणी तो घेत असे. आमचे एक मामा म्हणायचे, "दुकानाला दार न्हाय, कुलूप न्हाय आनि ह्यो मालक म्हणून बसलाय." भाऊ म्हणायचा, "बसलोय हे महत्त्वाचं, मामा."

मराठी मी शिकवत असल्यामुळे प्रोग्रॅममधले शब्द माझ्याकडे आले. पडद्यावर येणारी प्रत्येक सूचना मी लिहून द्यायची. दुधाचा प्रकार न निवडता कुणी पुढे गेलं तर काय दिसावं, असं त्यानं विचारलं. मी लिहिलं, 'कृपया दुधाचा प्रकार निवडा.' त्यानं ते वाचलं, मान हलवली आणि पडद्यावर घातलं, 'थांबा पावणं! म्हशीचं का गाईचं?' मी म्हटलं, ही काय भाषा झाली? तो म्हणाला, "अक्का, तुझं वाक्य वाचून सेक्रेटरी उठून उभा राहील. माझं वाचून बटण दाबेल."

या उघड्या ठेवण्याला मराठीत काय म्हणायचं, यावर मात्र आमचं बरेच दिवस चाललं. मी 'मुक्तस्रोत' सुचवलं होतं. पुस्तकात तो शब्द आहे आणि चांगला आहे. त्याला तो नको होता. "मुक्त म्हटलं की मेलेलं माणूस वाटतंय. मोकळं म्हण की." मी म्हटलं, मोकळं हा बोलण्यातला शब्द आहे, त्याला वजन नाही. मोकळी हवा, मोकळे केस, मोकळं रान. "तेच की," तो म्हणाला. "तसंच पायजे."

पत्रक छापलं त्यात 'मोकळा प्रोग्रॅम' असं आलं. ते घेऊन तो मलकापूरच्या पुढच्या त्या गावात पहिल्यांदा गेला, आणि आल्यावर हसत हसत त्यानं मला सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मोकळा म्हंजे?" भाऊ म्हणाला, "मोकळा म्हंजे मोकळा." सेक्रेटरींनी कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनला पायानं ढकललं. तो भिंतीवर आपटून वाजला. "ह्यो बी मोकळाच हाय. मोकळा कॅन घिऊन काय करू मी? भरलेलं काय आसंल तर दावा."

आमच्याकडे मोकळं म्हणजे रिकामंही, हे भाषेच्या शिक्षिकेला सुचलं नव्हतं आणि त्यालाही नाही.

भावानं त्यांना कोल्हापूरला बोलावलं. ते आले, तेव्हा संध्याकाळी तो त्यांना दूधकट्ट्यावर घेऊन गेला. मीही गेले होते. तिथे म्हशी आणून उभ्या करतात, आणि पेला घेऊन उभं राहिलं की समोर धार काढून देतात. सेक्रेटरींनी पेला घेतला. ओठावर फेस आला. भावानं विचारलं, "पाणी घातलंय का ह्यात?"

"डोळ्यादेखत काढलंय की. पाणी कुठनं घालंल?"

"आमचं तसंच हाय. हिशेब कसा काढला ते डोळ्यादेखत. तुम्हाला कळत नसंल तर कळणाऱ्या माणसाला दाखवा. मोकळं म्हंजे रिकामं न्हवं, पावणं. मोकळं म्हंजे समोर काढलेलं."

सेक्रेटरींनी आणखी एक पेला मागितला. पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅम बसला.

त्याची एकच अट असे. खिडकीबाहेर, दूध घालणाऱ्याच्या बाजूला तोंड करून, आकड्यांची दुसरी पाटी लावायची. वजन, फॅट आणि दर आत बसलेल्याला दिसतील त्याच वेळी बाहेर उभ्या असलेल्यालाही दिसले पाहिजेत. ही पाटी नको म्हणणाऱ्या संस्थेचं काम तो घेत नसे. यामुळे काही कामं गेली. तो त्याबद्दल बोलत नसे आणि मी विचारत नसे, कारण मला माहीत होतं. आम्ही गावात होतो तेव्हा आईची एक म्हैस होती. आमची घरं बौद्धांची. आमच्या आळीतल्या बायकांचं दूध सगळ्यांचं झाल्यावर घ्यायचे. काट्याचं तोंड आत असायचं. आतला माणूस जो आकडा सांगेल तो घेऊन आई परत यायची. तो आकडा चुकीचा होता असं ती कधी म्हणाली नाही. बरोबर होता असंही ती कधी म्हणाली नाही. भाऊ तेव्हा तिच्या कडेवर असे. त्याला यातलं किती आठवत होतं, हे मला माहीत नाही.

उघडं ठेवलं की कुणीतरी नेणारच. कर्नाटक सीमेकडच्या एका गावात संगणकाचं दुकान असलेल्या एकानं आमचा प्रोग्रॅम घेतला, त्यावर आपल्या दुकानाचं नाव घातलं, शब्द कानडीत केले आणि आसपासच्या डेअऱ्यांना विकायला सुरुवात केली. सगळं बदललं, फक्त मदतीच्या पानावरचा फोन नंबर बदलायचा राहिला. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं आम्हाला फोन करू लागली. मला कानडी येत नाही. पलीकडून कुणीतरी जोरात काहीतरी सांगायचं आणि त्यातलं 'अक्का' एवढंच मला कळायचं. भाऊ मोडक्यातोडक्या कानडीत त्यांचे काटे चालू करून द्यायचा. कोडोलीची मुलगी चिडली. "सर, त्यानं आपलं नाव काढलंय. आणि आपण त्याची दुरुस्ती करतोय."

"नाव काढलंय, नंबर ठेवलाय," भाऊ म्हणाला. "म्हंजे नाव त्याचं आनि गिऱ्हाईक आपलं."

पुढे तो माणूस स्वतःच आला. त्याला नंबराचं कळलं होतं. हातात गुळाची ढेप होती. दारात उभा राहून कुठे ठेवू म्हणून बघत होता. भाऊ आतून ओरडला, "अक्का, बघ ये. पावण्यानं कोल्हापूरला गूळ आणलाय." तो इतका लाजला की मीच त्याच्या हातातून ढेप घेतली. चहा झाला. जाताना त्यानं विचारलं, "अण्णा, मग बंद करू काय मी?"

"बंद कशाला? चालू दे. नाव तुझं घाल, नंबर पण तुझाच घाल बाबा. फकस्त एक कर. कायतरी बिघडलं आनि तू नीट केलंस, तर मला सांग. मी नीट केलं की तुला दिसतंयच."

त्यानंतर वर्षभर त्याच्याकडून काही आलं नाही. मुलगी अधूनमधून म्हणायची, "गूळ आला, कोड नाही आला." भाऊ हसायचा.

भाऊ गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावोगावचे सेक्रेटरी आले. जिन्यात चपला मावल्या नाहीत. बुद्धवंदना झाल्यावर मलकापूरकडचे सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "तरास न्हाय झाला. मोकळा झाला बगा." आणि लगेच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही त्या क्षणी कॅन आठवला. 'मुक्त' या शब्दाला भावानं ज्या अर्थामुळे नकार दिला होता, तो अर्थ त्याच्या 'मोकळा' या शब्दातही होताच. मी ते मनात नोंदवलं. शिक्षकाची सवय जात नाही.

उठताना त्यांनी हळूच विचारलं, "अक्का, म्होरल्या वर्साला फोन उचलाय कोन हाय?"

सगळ्यांना हेच विचारायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. सभ्य होता, मला मॅडम म्हणत होता, भावाच्या फोटोसमोर क्षणभर थांबला. त्याचं म्हणणं असं होतं. आमच्या सगळ्या संस्था त्यांची कंपनी सांभाळेल, मुलीला नोकरी राहील, मला दरमहा काहीतरी मिळत राहील. प्रोग्रॅमही हाच राहील, पण इथून पुढे जे बदल होतील ते उघडे राहणार नाहीत. "आतापर्यंतचं आहे ते आहे, मॅडम. पुढचं आमचं." मी बाहेरच्या पाटीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ती ज्याची त्यानं ठरवावी, हवी तर लावावी.

मी त्याच्याकडे वेळ मागितला. तो म्हणाला, जरूर, पण दूध संघाचे नवे दर लागायच्या आत सांगा.

ही अडचण खरी होती. ज्या संघाला या संस्था दूध पाठवत, त्यानं दर काढायची रीतच बदलली होती. फॅट आणि बाकीचे घन पदार्थ यांचा मेळ वेगळ्या तऱ्हेनं घालायचा होता. महिना पालटला की जुन्या प्रोग्रॅमची प्रत्येक पावती चुकणार होती, आणि पहिल्याच सकाळी चुकीची पावती निघाली असती तर गावं आपण होऊन कंपनीकडे गेली असती. कंपनीचा बदल तयार होता.

भावाचा लॅपटॉप उघडत नव्हता. इंटरनेटवर ज्या खात्यात प्रोग्रॅम ठेवला होता त्याचा पासवर्ड फक्त त्याला माहीत होता. मी मुलीला विचारलं, मग आपल्याला आपल्याच प्रोग्रॅमला हात लावता येणार नाही का? ती थोडी गोंधळून म्हणाली, "सरांच्या खात्यात काही बदलता येणार नाही, मॅडम. पण आहे ते उघडंच आहे. कुणीही घेऊ शकतं. म्हणजे... आपण पण."

म्हणजे सीमेकडच्या माणसानं जे केलं तेच आम्ही केलं. आमचाच प्रोग्रॅम परक्यासारखा उचलून आणला आणि नव्या खात्यात ठेवला. मुलीनं बटण दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे. विचारायची गरज नाही असं त्यानंच लिहून ठेवलंय."

ती कामाला लागली. नव्या रीतीचा बराचसा भाग तिनं बसवला, पण म्हशीच्या दुधाचा एक हिशेब काही केल्या जुळत नव्हता. कमी फॅटच्या दुधाला दर जास्त निघायचा. भावानं तो भाग फार पूर्वी लिहिला होता आणि तिनं कधी उघडला नव्हता. दर लागायच्या दोन दिवस आधी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, मला जमेल. पण परवापर्यंत नाही जमणार." मी कंपनीच्या माणसाचा नंबर काढून टेबलावर ठेवला. मला त्यात काही नाट्य वाटलं नाही. गावातल्या बायकांना पहिल्या तारखेला बरोबर पावती मिळणं, एवढंच त्या क्षणी महत्त्वाचं होतं.

त्या दुपारी सीमेकडचा तो माणूस आला. या वेळी हात रिकामे होते. त्याच्याकडच्या काही संस्था याच संघाला दूध घालत, त्यामुळे त्याच्यासमोरही तीच अडचण आली होती. त्यानं भावाच्या खात्याकडे दुरुस्ती पाठवली होती. ती तिथे तशीच पडून राहिली, तेव्हा त्यानं फोन केला आणि भाऊ गेल्याचं त्याला कळलं. तो खाली बघत बोलत होता. "अण्णा म्हणाले होते, नीट केलं की सांग. मी सांगायला उशीर केला."

मुलीनं दुसरी खुर्ची संगणकाजवळ ओढली. दोघं शेजारी बसले. ती अधूनमधून विचारायची, "हे इथं का?" तो सांगायचा. एकदा ती म्हणाली, "हे तर सोपं होतं की हो." तो म्हणाला, "सुटल्यावर सोपं वाटतंय, बाई. मला आठ दिवस लागले." मी चहा केला. दिवेलागणीला हिशेब जुळला.

जाण्यापूर्वी त्यानं एक विचारलं. शब्दांचं कानडी करताना 'थांबा पावणं'चं त्याला नीट काही जमलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे ते मराठीतच राहिलं होतं. "आता सगळं नवं करतोयच, तर हे वाक्य ठेवायचं का काढायचं, अक्का?"

"ठेवा," मी म्हटलं. माझं 'कृपया निवडा' चांगलं होतं हे मला आजही वाटतं.

पहिल्या तारखेच्या संकलनाला मी मुलीबरोबर मलकापूरच्या पुढच्या गावात गेले. इतकी वर्षं मी या गावांशी बोलत होते, खिडकी मात्र पाहिली नव्हती. ती लहान होती. बाहेरची पाटी बरोबर डोळ्यांच्या उंचीला होती. सेक्रेटरींनी पहिल्या किटलीचं दूध ओतलं, घाईत प्रकार निवडायचा विसरले, आणि पडद्यावर भावाचं वाक्य आलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. ती किटली ज्या म्हातारीची होती, ती पडदा दिसत नसताना बाहेरूनच म्हणाली, "म्हशीचं हाय म्हणून सांग की त्येला. रोज इचारतोय मेला." सगळे हसले. 'मेला' ही आमच्याकडची लाडाची शिवी आहे. मीही हसले.

पाटीवर आकडे आले. म्हातारीनं मान वर करून ते वाचले, पावती हातात घेतली, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"बरोबर हाय न्हवं?" मी विचारलं.

तिनं मला आपादमस्तक पाहिलं. "दिसतंय की समोर. इचारायचं काय त्यात?"

दुपारी परत आल्यावर मी कंपनीच्या माणसाला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, मोकळं ठेवायचं आहे. तो म्हणाला, "मॅडम, भावना समजू शकतो, पण यात धंदा नाही." त्यात काही खोटं नव्हतं. उघड्या ठेवलेल्या वस्तूत धंदा नसतो. तिच्याजवळ रोज कुणी बसलं तर त्या बसण्यात असतो, आणि माणूस उठून गेलं की दुसऱ्या कुणाला तरी बसावं लागतं. भाऊ मामांना हेच सांगत होता. मला ते तेव्हा विनोदाचं वाटलं होतं.

त्यानंतर काही संस्था कंपनीकडे गेल्या. बाकीच्या आहेत. वर्गणी येते, तीत मुलीचा पगार आणि जागेचं भाडं निघतं. प्रोग्रॅम मुलगी बघते. सीमेकडचा माणूस नीट केलेलं कळवतो, आम्ही नीट केलेलं तो घेतो, आणि त्याच्या मदतीच्या पानावर आता त्याचाच नंबर आहे. गूळ तो आणत नाही. सकाळचे फोन मी उचलते. भावाच्या खुर्चीत बसते, कारण फोनची तार तिथवरच पोहोचते.

त्याचं जुनं खातं इंटरनेटवर अजून आहे. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं एक लहानशी चूक दुरुस्त केली होती, तिथपर्यंत ते आहे. ते उघडून कुणालाही वाचता येतं. त्यात काही लिहिता येत नाही.